दे इकडे, मी करून देते

‘दे इकडे, मी करून देते.’ मुलांना भरतकाम शिकवताना त्यांच्या आई-बाबांशी बोलायची वेळ येते, तेव्हा मला आधी या वाक्याबद्दलच बोलावंसं वाटतं. वाक्य प्रेमाचं आहे, यात शंका नाही. मूल रडकुंडीला आलेलं असतं, दोऱ्याचा गुंता झालेला असतो, उद्या शाळेत कार्यानुभवाचा नमुना द्यायचा असतो आणि रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले असतात. आई रिंग हातात घेते, कात्रीने गुंता कापते, चार टाके उसवते, सहा टाके सफाईने घालते आणि कापड परत देते. पाच मिनिटांत प्रश्न मिटतो. पण त्या पाच मिनिटांत शिकण्यासारखं जे काही होतं ते सगळं आईच्या वाट्याला गेलं, आणि आईला ते आधीपासूनच येत होतं.

टाका घालणं अवघड नसतं हो. धावदोरा, साखळी टाका, गहू टाका ही मंडळी मुलांच्या हातात लवकर बसतात. वेळ लागतो तो आपलंच काम बघायला शिकण्यात. कुठे चुकलंय, कधीपासून चुकलंय, त्याचं काय करायचं आणि काही करायचं तरी का, हे चार प्रश्न मुलाने स्वतःला विचारायला लागावं, एवढ्यासाठी मी हा वर्ग घेते. कुणी म्हणतं, सुईकामाने बोटांना वळण लागतं. लागतं. कुणी म्हणतं, पुढे सर्जन व्हायला बरं. असेलही. पण दहा वर्षांच्या मुलाला सर्जनकीचं आमिष कशाला? हिरव्या दोऱ्याने पान भरलं की ते पान दिसतं, एवढा आनंद त्याला पुरतो.

सुरुवातीच्या चुका तर मजेशीर असतात. वर्गात नवं आलेलं मूल मांडीवर कापड ठेवून मन लावून भरतं आणि उठायला जातं तर कापड त्याच्याबरोबर उठतं. फूल फ्रॉकला शिवलेलं असतं! हे बहुतेकांचं एकदा तरी होतं, आणि ते हसून सोडून द्यायचं. दुसरी नेहमीची चूक लांब दोऱ्याची. सारखी सुई ओवायला लागू नये म्हणून मुलं दीड-दोन हात दोरा घेतात. तो पीळ खातो, मागे गाठी पडतात, आणि दर टाक्याला कापडातून घासून घासून त्याला लव सुटते. बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत येईल एवढाच दोरा घ्यावा, हे सांगून कुणालाच पटत नाही. दोन गुंते झाले की पटतं. तिसरी चूक दोरा ओढण्याची. टाका पक्का व्हावा म्हणून मूल दोरा इतका आवळतं की रिंग सोडल्याबरोबर कापडाला चुण्या पडतात. यांतली कुठलीच चूक तुम्ही दुरुस्त करायची नाही. दिसली तरी गप्प बसायचं, आणि ते गप्प बसणंच फार कठीण जातं, हे मला ठाऊक आहे.

याहून वेगळ्या असतात मोजणीच्या चुका, आणि त्यांच्यासाठी मी मुलांना थोडी कसुती शिकवते. इरकल साडीवर धारवाड-हुबळी-बेळगाव भागात चालणारं हे भरतकाम आपल्याला परकं नाही. सोलापूर, कोल्हापूर, सांगलीकडच्या कित्येक घरांत आजीच्या ट्रंकेत एखादी कसुती केलेली इरकल निघते. काळ्या चंद्रकळेवर पांढऱ्या-लाल दोऱ्याने भरलेली गोपुरं, पालख्या, अंबारीचे हत्ती, तुळशीवृंदावनं. पारंपरिक कसुतीत कापडावर नक्षी छापत नाहीत. ताण्याबाण्याचे धागे मोजून टाका घालायचा. गाठ मारायची नाही. दोऱ्याची टोकं टाक्यांखालीच फिरवून दडवायची. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे त्यात चार टाके. पैकी गवंती म्हणजे जाताना एक टाका वर, एक खाली असं धावदोऱ्याने जायचं आणि त्याच वाटेने परत येताना राहिलेल्या जागा भरायच्या. नीट जमलं तर कापडाची सुलटी बाजू कुठली आणि उलटी कुठली, हे ओळखू येत नाही.

मुलांना हे बारीक कापडावर झेपत नाही, म्हणून आम्ही मॅटीच्या कापडावर करतो. तिथे घरं स्पष्ट दिसतात. आता गंमत बघा. जाताना एका ठिकाणी दोन घरांऐवजी तीन घरांचा टाका पडला, तर तेव्हा काहीच कळत नाही. पुढचे टाके बरोबर असतात. परत येतानाही राहिलेल्या जागा मुकाट्याने भरल्या जातात. चूक बोलते ती शेवटी, गोपुराचा उजवा पाय पायथ्याच्या रेषेला येऊन मिळत नाही तेव्हा. मूल त्या शेवटच्या टाक्याकडेच बघत बसतं, तोच उसवतं, परत घालतं, पुन्हा एक घर कमी पडतं. ‘मॅडम, कापडच खराब आहे!’ कापडाला दोष देऊन झाला की मग कुणीतरी मागे जायला लागतं. मागे कसं जायचं हे शिकवावं लागतं. नक्षी दोन्ही अंगांनी सारखी असेल तर डावी आणि उजवी पायरी शेजारी शेजारी मोजत यायचं. जिथे आकडा जुळत नाही तिथे बोट ठेवायचं. ते ठिकाण सापडलं की मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ते तुम्ही एकदा बघा. चूक सापडल्याचा आनंद असतो तो. नक्षी पुरी झाल्याच्या आनंदाहून तो मला जास्त टिकाऊ वाटतो.

सापडल्यावर मात्र उसवायलाच हवं असं नाही. आमच्याकडे सहावीतल्या एका मुलाच्या गोपुराची डावीकडची एक पायरी अशीच एक घर जास्त रुंद झाली होती आणि उजवी बाजू अजून भरायची होती. त्याने बराच वेळ कापड उलटसुलट केलं, बाकीच्यांचे नमुने बघून आला, आणि उजवीकडेही मुद्दाम तीच पायरी एक घर रुंद केली. गोपूर थोडं बसकं झालं, पण तोलात आलं. ‘आता दोन्हीकडे आहे, म्हणजे तसंच आहे,’ असा त्याचा खुलासा. मला तो बिनतोड वाटला. घरी गेल्यावर त्याच्या आईने इंटरनेटवरचा मूळ नमुना काढून दाखवला आणि दोन्ही पायऱ्या उसवायला लावल्या. आईचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मूळ नमुन्यात पायरी दोन घरांचीच होती. पण मुलाने जो विचार केला होता तो त्या उसवण्यात गेला, आणि पुढच्या आठवड्यात त्याने विचार न करता मलाच विचारलं, ‘हे ठेवू की काढू?’

हे ‘ठेवू की काढू’ मुलानेच ठरवायचं. त्याला मदत म्हणून फार तर एक प्रश्न विचारावा: यावर पुढचं काही उभं राहणार आहे का? किनारीची नक्षी चारही कोपऱ्यांना जुळायची असेल, तर पहिल्या बाजूची एका घराची चूक चौथ्या कोपऱ्यात येऊन छळणार. तिथे उसवणं भाग आहे आणि जितकं लवकर तितकं बरं. पण मोकळ्या फुलापानांच्या भरतकामात एक पाकळी जाडी झाली, तर तिच्यावर काहीच उभं नसतं. तिथे शेजारी एक पान वाढवता येतं, गाठी टाक्याचे दोन ठिपके देता येतात, किंवा जाड पाकळी जाडच राहू देता येते. फुलं काय, बागेतही सगळी सारखी नसतात. कुठली चूक पुढे वाढत जाणारी आणि कुठली आहे तिथेच बसून राहणारी, हा फरक मुलाला एकदा डोळ्यांनी दिसला की तुम्ही-आम्ही बाजूला व्हायला मोकळे.

उसवायचं ठरलं तर ते निगुतीने करायला शिकवा. पालक आणि मुलं दोघंही इथे घाई करतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. नुकताच घातलेला एखादा टाका काढायचा असेल तर मुलं सुई त्याच भोकातून उलटी घालायला जातात. असं केलं की सुई दोऱ्याच्या पदरांमधून आरपार जाते आणि नवीच गाठ बसते. आधी सुईतून दोरा काढून घ्यायचा आणि मग सुईच्या नेढ्याच्या बाजूने टाका हळूच वर उचलून ओढायचा. ओळच्या ओळ काढायची असेल तर कापड उलटं करून मागच्या बाजूने थोड्या थोड्या अंतरावर टाके कापायचे आणि तुकडे एकेक करून काढायचे. लांब दोरा एका झटक्यात ओढला की कापडाचा धागाही त्याच्याबरोबर सरकतो. कात्री लहान आणि टोकदार हवी, आणि कापताना तिचं टोक कापडापासून वर हवं. निघालेला दोरा परत वापरायचा नाही, कितीही जीव तुटला तरी. त्याला लव सुटलेली असते आणि नव्या टाक्यांत तो मळकट दिसतो.

टाके निघाले की भोकं राहतात. ही भोकं बघून मुलं सगळ्यात जास्त खचतात, कारण त्यांना वाटतं की आता हे कायमचं. सुती कापड असेल तर थोडं पाणी लावून नखाने आडवं-उभं हळूच घासा. धागे पुष्कळसे जागेवर येतात. नंतर धुऊन इस्त्री केली की बहुतेक वेळा मागमूस राहत नाही. रेशमी किंवा फार घट्ट विणीच्या कापडावर मात्र भोकं राहतात, म्हणून शिकणाऱ्याच्या हातात तसलं कापड देऊच नये. वाढदिवसाला आजीसाठी रेशमी रुमाल भरायचा हट्ट असेल तर आधी साध्या तुकड्यावर तीच फुलं करून बघू द्या. लाल दोऱ्याचा रंग उतरला तर कापड लगेच थंड पाण्यात टाका, आणि डाग पुरता जाईपर्यंत इस्त्रीच्या जवळही नेऊ नका. आणि काम झालं की रिंग सैल करून ठेवायची. रात्रभर आवळून ठेवलेल्या रिंगचा वळ निघता निघत नाही. ही चूक मुलांची कमी आणि नमुना भिंतीवर टांगून ठेवणाऱ्या मोठ्यांची जास्त.

इतकं सगळं मोजणीचं बोलल्यावर गोधडीकडे वळायला हवं, नाहीतर मुलांना वाटेल की सुईकाम म्हणजे गणिताचा दुसरा तास. गोधडीला चूक कशाला म्हणायचं हे अगदी निराळं. जुन्या नऊवारीचे, धोतरांचे थर एकावर एक अंथरून कडेने धावदोरा घालत चौकोनात आत आत जायचं. टाका लहान-मोठा झाला, ओळ जराशी वाकली, तर कुणी ढुंकून बघत नाही. पण खालचा थर सुरकुतला, सुई सगळ्या थरांतून गेली नाही, तर पहिल्या धुण्यात ती जागा गोळा होते. म्हणजे कसुतीत जे पाप ते गोधडीत चालतं, आणि गोधडीत जे चालत नाही त्याचा कसुतीत प्रश्नच येत नाही. मुलांना दोन्ही करायला दिलं की ‘चुकलं’ हा शब्द ती जरा जपून वापरतात.

गोधडीचीच आणखी एक तऱ्हा सांगते. कारवारच्या वरच्या अंगाला, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी कित्येक जण तिथून निसटून या रानांत आले. त्यांच्यातले बरेच जण आज घरी कोकणीच बोलतात. सिद्दी बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. जुन्या कपड्यांचे तुकडे कोपऱ्यापासून लावत, कडा आत दुमडत, धावदोऱ्याने कडेकडेने फिरत मध्यापर्यंत यायचं. आधी कागदावर आराखडा नाही. तुकडा लहान पडला तर शेजारी दुसरा येतो, आणि तो येतो म्हणूनच पुढच्या रंगाची जागा ठरते. इथे मागे जाणं जवळपास नसतंच, पुढचा तुकडा हीच दुरुस्ती. सगळं झालं की चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे छोटे तुकडे लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. ती नसतील तर कवंदी उघडी राहिली असं मानतात. म्हणजे बाकी सगळीकडे मोकळीक, पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. मुलांना मी कवंदीची चित्रं दाखवते तेव्हा ती पहिल्यांदा कोपरेच बघतात, फुला आहेत की नाहीत ते!

आता पुन्हा तुमच्याकडे येते. मुलाच्या कामात मोठ्यांनी घातलेला टाका लपत नाही, हे तुम्हाला माहीत आहे का? प्रदर्शनात नमुने मांडले की मला दुरून कळतं. दोऱ्याचा ताण बदलतो, टाक्याची लांबी बदलते, पाकळीच्या मध्यात अचानक वयाची तीस वर्षं वाढतात. दुसऱ्याच्या हाताने केलेल्या दुरुस्तीची एक जुनी गोष्ट सांगते. फ्रान्समधल्या बायू गावचा अकराव्या शतकातला सुमारे ७० मीटर लांबीचा एक भरतकामाचा पट आहे. लिननच्या कापडावर लोकरीने भरलेला हा पट १०६६ सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईची गोष्ट सांगतो. जग त्याला ‘टॅपिस्ट्री’ म्हणतं, पण तो विणलेला नाही, सुईने भरलेला आहे. शतकानुशतकं त्याची डागडुजी होत आली. त्यात इंग्लंडचा राजा हॅरल्ड डोळ्यात बाण लागून मेला असं दिसतं, आणि इंग्लंडची मुलं तसंच शिकत आली. पण १७२९ च्या सुमारास काढलेल्या रेखाटनात त्या आकृतीच्या हातात नुसती एक सरळ रेघ आहे, बाणाची पिसं नाहीत. ती रेघ भाल्याचीही असू शकते. पिसं नंतरच्या दुरुस्तीत आली असावीत असा अभ्यासकांचा कयास आहे, आणि वाद अजून मिटलेला नाही. दुरुस्त करणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. फाटलेलं सांधताना त्याला जे दिसलं ते त्याने भरलं.

याच पटाची एक नक्कल इंग्लंडमधल्या लीक गावच्या तीसहून अधिक बायकांनी १८८५-८६ मध्ये केली. ती आता रेडिंगच्या संग्रहालयात आहे. मुळात काही आकृत्या उघड्या होत्या. नकलेत त्यांतल्या एकाला चक्क चड्डी चढली! सभ्यपणाची दुरुस्ती म्हणायची ही. पण त्या बायकांची एक गोष्ट मला फार आवडते. आपण भरलेल्या भागाखाली प्रत्येकीने आपलं नाव टाक्यांनी घातलं. तेव्हा पालकहो, अगदीच राहवलं नाही आणि मुलाच्या नमुन्यात तुम्ही टाके घातलेच, तर खाली तुमचंही नाव भरा. हे मी एका पालकसभेत सांगितलं तेव्हा सगळे हसले. त्यानंतरच्या प्रदर्शनात एका नमुन्याच्या कोपऱ्यात खरोखरच बारीक अक्षरात ‘आई’ असं भरलेलं होतं. तो नमुना करणाऱ्या मुलीलाच विचारलं तर म्हणाली, ‘हा देठ तिचा आहे, बाकी माझं.’ मला ते प्रदर्शनातल्या पहिल्या नंबरापेक्षा मोलाचं वाटलं.

बक्षिसांचं म्हणाल तर माझं मत जरा कडक आहे. वर्गाबाहेरच्या स्पर्धांतून सफाईलाच गुण मिळतात, आणि सफाई आली की तिच्यामागे मोठ्यांचे हात आले. बाजारात छापील नमुन्याचे, आकडे टाकलेले संच मिळतात. त्यात मुलाला ठरवायला काही उरतच नाही, रंगसुद्धा नाही. अधूनमधून चालतील, प्रवासात वगैरे. पण मूल नुसतं तेच करत असेल तर ते टाके घालतंय, शिकत नाही असं समजा. आणि मुलग्यांना या कामातून सूट देणाऱ्या घरांशी माझं भांडण आहे. ते भांडण मी दरवर्षी भांडते, इथे लांबवत नाही.

मध्यंतरी एका बाबांनी सरळच विचारलं, ‘मला तर बटणही लावता येत नाही. मी काय करू?’ त्यांना म्हटलं, तुम्हीच उत्तम, कारण तुम्हाला हातात घेऊन करून द्यायचा मोहच होणार नाही. शेजारी बसा. उजेड नीट आहे ना ते बघा. काळ्या कापडावरचं काम ट्यूबलाइटच्या उजेडात रात्री करू देऊ नका, त्याने निम्म्या चुका वाचतात. मूल चिडून कापड फेकेल तेव्हा ते घडी घालून डब्यात ठेवा आणि दोन दिवस त्याचा विषय काढू नका. स्वतःहून बाहेर काढलं तर ठीक, नाही काढलं तर तेही ठीक. ‘कुठे चुकलं?’ असं विचारण्यापेक्षा ‘कुठपर्यंत बरोबर आहे?’ असं विचारा. उत्तर देताना ते आपोआप मोजायला लागतं. आणि अर्धवट राहिलेला, भोकं पडलेला, गाठींनी भरलेला तुकडा फेकू नका. वर्षभराने तोच समोर ठेवला की मूल स्वतःच्याच टाक्यांना नावं ठेवतं, आणि तेव्हा तुम्ही हसलात तरी त्याला राग येत नाही.

डब्यात ठेवायचं सामान फार नाही: बोथट टोकाच्या आणि टोकदार अशा दोन्ही सुया, एक लहान कात्री, सहापदरी दोऱ्याच्या पाच-सहा लड्या, मॅटीचा तुकडा, रिंग आणि एक चुंबक. चुंबक जमिनीवर पडलेली सुई शोधायला. बाकी सगळं मुलावर सोडा, पण किती सुया बाहेर काढल्या आणि किती परत आल्या, हे रोज मोजायचं काम तुमच्याकडे ठेवा.